मातीवरून गादीवर

रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण सोडून कुंभार्ली घाट चढून गेले, म्हणजे कोकणची तांबडी माती मागे राहते आणि वाट कोयना नदीच्या सोबतीने पाटणवरून कऱ्हाडकडे जाऊ लागते. कऱ्हाडला कोयना कृष्णेस मिळते. दोन नद्या समोरासमोर धावत येऊन एकमेकींच्या गळ्यात पडतात, म्हणून लोक या जागेस प्रीतिसंगम म्हणतात. तेथून जवळच गोळेश्वर नावाचे एक खेडे आहे. या भागातील रान काळे व कसदार. परंतु तालमीत डोकावून पाहावे, तर हौद्यातील माती मात्र कोकणातल्यासारखी तांबडी. ती चाळून मऊ केलेली असते, तीत ताक, तेल आणि हळद मुरविलेली असते, आणि पहाटे दिवा लावून मल्ल तीत उतरतात, तेव्हा प्रथम तिला हात लावून तो कपाळी नेतात.

अशाच मातीत खेळून मोठ्या झालेल्या एका मुलाने पुढे परक्या देशात, परक्या रीतीच्या कुस्तीत, स्वतंत्र भारताला ऑलिंपिक सामन्यांतील पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. त्यांचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी गोळेश्वर येथे झाला. वडील दादासाहेब शेतकरी होते आणि नामांकित मल्लही होते. त्यांना पाच मुलगे. खाशाबा सर्वांत धाकटा. घरात कुस्तीचीच चर्चा चाले. थोरल्या भावांच्या पाठोपाठ हे शेंडेफळही अगदी लहान वयात मातीत उतरले, आणि पहिले डाव त्याने वडिलांकडूनच घेतले.

त्या काळी साताऱ्याच्या व कोल्हापूरच्या मुलुखात कुस्तीवाचून गावची जत्रा पुरी होत नसे. देवाची पालखी फिरली, की दुपारी फड भरे. सुरुवातीस लहान मुलांच्या कुस्त्या होत. जिंकणाऱ्याच्या मुठीत रेवड्या पडत. ऊन कलू लागले म्हणजे जोड मोठी होत जाई आणि इनामही वाढे. शेवटची कुस्ती नामवंतांची. दोघे मल्ल शड्डू ठोकीत, हातास हात लावून सलामी देत, आणि मग खडाखडी सुरू होई. कोणाची कोणाशी जोड लावावयाची, हे जाणती माणसे नजरेनेच ठरवीत. तेथे वजनाचा काटा नसे. वेळेचेही बंधन नसे. एखादी कुस्ती पाच पळांत निकालात निघे, तर एखादी दिवेलागणीपर्यंत चाले. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीस लावून त्याला चीत केले, म्हणजे जिंकली. इतर हिशेब त्या मातीला ठाऊक नव्हता.

खाशाबा अंगाने धिप्पाड नव्हता. त्याला पाहून हा मल्ल असेल असे कोणास वाटत नसे. परंतु त्याच्या अंगी चपळाई विलक्षण होती, आणि डाव केव्हा टाकावा याची उपजत जाण होती. ताकदीच्या गड्याशी ताकदीने झुंजण्याऐवजी त्याचाच जोर त्याच्यावर उलटविणे त्याला आवडे. पुढे ढाक या डावात तो विशेष तरबेज झाला. या डावात प्रतिस्पर्ध्याची मान व हात जखडून, त्याला अंगावर घेऊन, एका झटक्यात खाली आणावयाचे असते. क्षणभर चुकले तर स्वतःचीच पाठ लागण्याची भीती. म्हणून कच्चा मल्ल ढाकेच्या वाटेस जात नाही.

१९४० साली तो कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात दाखल झाला. दोनच वर्षांनी ‘चले जाव’चे आंदोलन पेटले. सातारा जिल्हा तर त्या आंदोलनाचे माहेरघरच झाला. भूमिगत कार्यकर्ते रानावनांतून फिरत, आणि गावोगावची मुले त्यांच्यासाठी धावपळ करीत. अशा कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांची पत्रके पोचविणे, ही कामे शाळकरी खाशाबानेही केली. देश स्वतंत्र झाला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. आता परदेशी मैदानावर आपला तिरंगा वर चढावा, ही इच्छा त्याच्या मनात त्या दिवसांत रुजली.

शालेय शिक्षण संपवून खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. कोल्हापूर म्हणजे मल्लविद्येची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांनी देशोदेशींचे पैलवान येथे आणून ठेवले होते, तालमी बांधल्या होत्या, आणि खासबागेत असे मैदान उभारले होते की हजारो माणसांना कोठूनही बसून मधली कुस्ती दिसावी. महाराज जाऊन पंचवीस वर्षे लोटली होती, तरी तालमींतील जाग सरली नव्हती. येथे बाबूराव बलावडे व बेलापुरे गुरुजी यांच्यासारखे मार्गदर्शक खाशाबांना लाभले.

महाविद्यालयात मात्र पहिला अनुभव निराळाच आला. वार्षिक क्रीडास्पर्धांत कुस्तीसाठी नाव देण्यास ते गेले, तेव्हा हा किरकोळ अंगाचा विद्यार्थी मोठ्या मल्लांपुढे काय टिकणार, असे म्हणून क्रीडाशिक्षकांनी त्यांना परत पाठविले. खाशाबा वाद घालीत बसले नाहीत. ते सरळ प्राचार्य खर्डेकरांकडे गेले आणि एक संधी मागितली. प्राचार्यांनी ती दिली. त्या स्पर्धेत खाशाबांनी आपल्याहून दांडग्या मल्लांना एकामागून एक चीत केले. प्राचार्य खर्डेकरांच्या लक्षात हे नाव कायमचे राहिले. ते किती खोल राहिले, हे चार वर्षांनी दिसावयाचे होते.

१९४८ साली लंडनमध्ये ऑलिंपिक सामने भरले. स्वतंत्र झाल्यानंतर भारत प्रथमच त्यांत उतरत होता. खाशाबांची निवड झाली आणि त्यांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. गोळेश्वरचा हा तरुण लंडनला पोचला, आणि तेथे त्याची गाठ प्रतिस्पर्ध्यांच्या आधी एका अनोळखी वस्तूशी पडली. ती वस्तू म्हणजे गादी.

ऑलिंपिकमध्ये कुस्ती मातीत होत नाही; जाड गादीवर होते. ऐकावयास हा फरक लहान वाटतो. जमीन बदलली, मल्ल तर तोच. मग अडचण कसली, असे कोणीही विचारील. परंतु ज्याने आयुष्यभर खाडीच्या संथ पाण्यात होडी वल्हविली, त्याला भर समुद्रात तीच होडी हाकण्यास सांगितले, तर काय होते हे रत्नागिरीच्या कोळ्यांना विचारावे. मोटारींच्या शर्यतीतही हेच घडते. उघड्या चाकांची, जमिनीस चिकटून धावणारी हलकी गाडी चालविण्यात ज्याने नाव कमावले, तो जेव्हा बंदिस्त आणि वजनदार गाडीत बसतो, तेव्हा वळण कोठे घ्यावे, वेग कोठे आवरावा, हे त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते. हाताला जडलेली सवय हेच त्याचे बळ असते, आणि नव्या गाडीत नेमकी तीच सवय त्याला दगा देते.

खाशाबांपुढे असेच अनेक फरक उभे राहिले. मातीत पाय अनवाणी असतात. बोटे मातीत रुतवून मल्ल उभा राहतो, आणि त्या आधारावर डाव उचलतो. गादीवर पायांत बूट घालावे लागतात, आणि बोटे रुतविण्यास तेथे काही नसते. मातीत अंगाला माती लावून पकड घट्ट करता येते; गादीवर घामाने निसटणारे अंग तसेच धरावे लागते. मातीत प्रतिस्पर्ध्याच्या लंगोटास वा जांघियास हात घालून त्याला उचलणे हा डावाचाच भाग आहे. गादीवर पोशाखास हात लावणे नियमाविरुद्ध. आणि सर्वांत मोठा फरक वेळेचा. मातीतला मल्ल धीराने वाट पाहतो. तो प्रतिस्पर्ध्याला दमवितो, त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवतो, आणि संधी दिसली की झेप घेतो. गादीवर घड्याळ लावलेले असते. त्या वेळी पंधरा मिनिटांत कुस्ती निकालात निघाली नाही, तर पंच कौल देत. ज्याने अधिक डाव केले, अधिक वेळ प्रतिस्पर्ध्याला खाली ठेवले, तो विजयी. तेव्हा वाट पाहणे हा तेथे गुण न राहता दोष ठरतो.

आणखी एक गोष्ट त्यांना समजून घ्यावी लागली. ऑलिंपिकमध्ये त्या काळी एका पराभवाने मल्ल बाद होत नसे. प्रत्येक कुस्तीनंतर निकालाप्रमाणे दोषगुण पदरी पडत आणि ते ठराविक संख्येस पोचले, म्हणजे मल्ल स्पर्धेबाहेर जाई. पाठ लावून जिंकलेल्याच्या पदरी दोषगुण येत नसत. नुसत्या कौलावर जिंकणाऱ्याच्या पदरी विजयानंतरही एक दोषगुण येई. म्हणजे नुसते जिंकून भागत नव्हते. कसे जिंकले, याचाही हिशेब ठेवावा लागे. गावच्या फडात असले गणित कोणी केले नव्हते.

हे सारे शिकण्यास खाशाबांना फारच थोडे दिवस मिळाले. अमेरिकेचे पूर्वीचे विजेते मल्ल रीस गार्डनर यांनी लंडनमध्ये त्यांना मार्गदर्शन केले. बावीस वर्षांचा हा मल्ल, ज्याचे नाव कोल्हापूरच्या तालमींत आदराने घेतले जाई, तेथे पुन्हा नवशिका झाला. पाय कसा ठेवावा येथपासून धडे सुरू झाले. यात कमीपणा मानणारी माणसे पुष्कळ असतात. खाशाबांनी तो मानला नाही.

त्यांचा गट फ्लायवेट होता, म्हणजे ५२ किलोपर्यंतच्या मल्लांचा. पहिल्या कुस्तीत त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांतच हरविले. मग अमेरिकेच्या बिली जर्निगनवरही मात केली. ज्यांनी लहानपणापासून गादीच पाहिली होती असे हे मल्ल. आणि हा भारतीय गादीवर उतरून आठवडे मोजण्याइतकाही काळ लोटला नव्हता. परंतु पुढे इराणचा मन्सूर रईसी भारी ठरला. स्पर्धा संपली तेव्हा खाशाबांचे स्थान सहावे होते.

त्याच सामन्यांत भारताच्या हॉकी संघाने इंग्लंडच्या भूमीवर ब्रिटनचा पराभव करून सुवर्णपदक जिंकले. देशभर आनंदीआनंद झाला, आणि तो योग्यच होता. सहाव्या क्रमांकाच्या मल्लाकडे त्या गडबडीत फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ज्यांना कुस्ती कळत होती त्यांना मात्र हा क्रमांक लहान वाटला नाही.

खाशाबा परत आले ते एक निश्चय घेऊन. पुढचे ऑलिंपिक सामने १९५२ साली फिनलंड देशाच्या हेलसिंकी या राजधानीत होणार होते. मधली चार वर्षे त्यांनी गादीवरच्या कुस्तीचा ध्यास घेतला. माती सोडली असे मात्र नव्हे. मातीने दिलेला दम, मनगटातील जोर आणि ढाकेसारखे डाव हीच त्यांची शिदोरी होती. परंतु तोच डाव आता बूट घालून, पोशाखास हात न लावता आणि घड्याळाकडे लक्ष ठेवून टाकावयाचा होता. जुने न टाकता त्याला नवे वळण लावणे हे अगदी नवे शिकण्याहून कठीण असते. शिवाय त्यांचे वजन वाढले होते, म्हणून आता वरच्या गटात, ५७ किलोपर्यंतच्या बँटमवेटमध्ये उतरावे लागणार होते. तेथील मल्ल अधिक वजनाचे आणि अधिक ताकदीचे.

या चार वर्षांत आणखीही एक बदल झाला होता. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाश्रयावर चालणाऱ्या मल्लविद्येचा आधार त्यामुळे सुटला. लंडनच्या वेळी खर्चाची काळजी महाराजांनी वाहिली होती. आता ती वाहणारे कोणी उरले नव्हते.

त्याआधी निवडीचाच प्रश्न उभा राहिला. मद्रास येथे झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत पंचांनी खाशाबांना प्रतिस्पर्ध्यापेक्षा एक गुण कमी दिला. हा निर्णय पक्षपाताचा आहे असे खाशाबांचे मत होते. गप्प बसावे, तर चार वर्षांची मेहनत वाया जाणार. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज स्वतः खेळाडू होते आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेत त्यांच्या शब्दाला वजन होते. त्यांनी खाशाबांना निवड चाचणीत उतरण्याची संधी मिळवून दिली, आणि तेथे खाशाबांनी त्याच प्रतिस्पर्ध्याला लोळवून वादच मिटविला.

निवड झाली, पण पैसे नव्हते. गावोगाव फिरून खाशाबा व त्यांचे हितचिंतक वर्गणी गोळा करू लागले. गोळेश्वरच्या शेतकऱ्यांनी आणि कऱ्हाडच्या दुकानदारांनी आपल्या ऐपतीप्रमाणे भर घातली. कोणी रुपये दिले, कोणी आणे दिले. तरीही रक्कम पुरी होईना. निघण्याचा दिवस जवळ येत चालला. अशा वेळी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि ७,००० रुपये उभे केले. ज्या विद्यार्थ्याला त्यांनी एकदा स्पर्धेत उतरण्याची परवानगी दिली होती, त्याच्यासाठी त्यांनी आपल्या डोक्यावरचे छप्पर पणाला लावले. त्या काळी सात हजारांत चांगला वाडा होई. मुलगा हरून परत आला असता तर ही रक्कम कोठून फिटणार होती, याचा विचार त्यांच्या मनात आला नसेल असे नाही. तो त्यांनी बाजूस सारला, एवढे खरे.

खाशाबांबरोबर कोल्हापूरकडील केशव माणगावे हे दुसरे मल्लही हेलसिंकीला गेले. फिनलंड हा उत्तर ध्रुवाच्या बाजूचा देश. जुलै महिन्यात तेथे सूर्य मावळता मावळत नाही. रात्री दहा वाजता देखील उजेड असतो. पहाटे काळोखात दिवा लावून तालमीत जाणाऱ्या मल्लांना हे नवलच वाटले असेल.

खाशाबांच्या कुस्त्या सुरू झाल्या, आणि चार वर्षांच्या मेहनतीचे फळ दिसू लागले. कॅनडाचा आद्रियाँ पोलिकँ, मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो आणि जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ यांना त्यांनी हरविले. गादी आता परकी राहिली नव्हती. लंडनला जो मल्ल नव्या जमिनीवर पाय चाचपीत होता, तो आता तिच्यावर मोकळेपणाने फिरत होता.

मग जपानच्या शोहाची इशीशी गाठ पडली. इशी हा त्या गटातील सर्वांत कसलेला मल्ल. दोघेही चपळ, दोघेही डावपेचांत मुरलेले. कोणीच हार मानीना. पूर्ण पंधरा मिनिटे कुस्ती चालली, आणि शेवटी कौल इशीच्या बाजूने गेला. खाशाबा गादीवरून उतरले तेव्हा पार थकले होते. तोच त्यांना पुढच्या कुस्तीसाठी पुकारण्यात आले. समोर सोव्हिएत संघाचा रशीद ममदबेयोव्ह उभा होता. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती. परंतु हा नियम दाखवून भांडण्यास त्या वेळी एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. परक्या भाषेत, परक्या पंचांपुढे, धापा टाकणारा मल्ल एकटा काय बोलणार? खाशाबा तसेच गादीवर चढले, आणि ही कुस्ती ते हरले. ताज्या दमाने लढले असते तर काय झाले असते, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण तो अर्धा तास भारताच्या कुस्तीच्या इतिहासात अजून सलतो आहे.

इशीला सुवर्ण, ममदबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य, असा बँटमवेट गटाचा निकाल लागला. तो दिवस होता २३ जुलै १९५२. माणगावे आपल्या गटात चौथे आले; त्यांचे पदक थोडक्यात हुकले. दुसऱ्या दिवशी हॉकी संघाने पुन्हा सुवर्णपदक जिंकले. त्यामुळे या वेळीही वर्तमानपत्रांतील मोठे मथळे हॉकीलाच मिळाले. वास्तविक एकट्या खेळाडूने स्वतंत्र भारतासाठी ऑलिंपिक पदक मिळविल्याची ही पहिलीच वेळ होती. त्यापूर्वी १९०० साली पॅरिसमध्ये कलकत्त्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड या धावपटूने दोन रौप्यपदके मिळविली होती, पण तेव्हा देश पारतंत्र्यात होता.

दिल्लीत वा मुंबईत काय झाले असेल ते असो, कऱ्हाडने मात्र आपल्या मुलाला ओळखले. खाशाबा परत आले त्या दिवशी कऱ्हाडच्या रेल्वे स्थानकावर शंभराहून अधिक बैलगाड्या सजवून उभ्या होत्या. बैलांच्या शिंगांना रंग, अंगावर झुली, पुढे ढोल आणि लेझीम. स्थानकापासून गोळेश्वर काही फार लांब नाही; पण त्या दिवशी वाट सरेना. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस माणसांची दाटी होती, आणि जो तो गाडी थांबवून हार घालीत होता. ज्यांनी आणे-रुपये देऊन त्यांना पाठविले होते, तीच माणसे आता ते कांस्यपदक हातात घेऊन पाहत होती.

समारंभ संपले. हार सुकले. खाशाबांच्या मनात मात्र एक गोष्ट घर करून होती: प्राचार्यांचे घर अजून गहाण होते. मोठे बक्षीस कोठून मिळाले नव्हते आणि नोकरीही नव्हती. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरविले आणि स्वतः त्यात लढले. गादीवर पदक मिळविलेला मल्ल पुन्हा आपल्या तांबड्या मातीत उतरला. प्रेक्षकांची गर्दी लोटली. त्या उत्पन्नातून त्यांनी प्राचार्य खर्डेकरांचे कर्ज फेडले आणि त्यांचे घर सोडवून दिले. हेलसिंकीच्या विजयाइतकाच हा विजय मोठा होता, असे कोल्हापूरची जुनी माणसे मानीत.

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. खात्याच्या स्पर्धांत ते लढले, आणि तरुण पोलिसांना त्यांनी कुस्ती शिकविली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी ते तयारी करीत होते. पण गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि तो मार्ग बंद झाला. पुढे सुमारे सत्तावीस वर्षे त्यांनी नोकरी केली. बढतीसाठी त्यांना फार काळ थांबावे लागले. सेवेच्या अखेरीस ते सहायक पोलीस आयुक्त होते. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना खेपा घालाव्या लागल्या. ज्याच्या छातीवर देशाचे पदक झळकले त्याच्या वाट्यास हे यावे, याचे वाईट वाटल्यावाचून राहत नाही. खाशाबांनी त्याची जाहीर तक्रार क्वचितच केली. १९८२ साली दिल्लीस आशियाई सामने झाले, तेव्हा क्रीडाज्योत वाहून नेण्याचा मान त्यांना मिळाला, आणि नव्या पिढीतील पुष्कळांनी हे नाव त्या वेळी प्रथमच ऐकले.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात खाशाबांचे निधन झाले. वयाची अठ्ठावन्न वर्षे पुरी होऊन काही महिने झाले होते.

त्यांच्या पदकानंतर भारताच्या दुसऱ्या एकट्या खेळाडूने ऑलिंपिक पदक मिळविले ते १९९६ साली, अटलांटा येथे, टेनिसपटू लिअँडर पेस याने. मधे चव्वेचाळीस वर्षे गेली. कुस्तीतील दुसरे पदक येण्यास तर २००८ साल उजाडावे लागले. तोवर गावोगावच्या तालमींत मातीच्या हौद्याशेजारी गादीही अंथरली जाऊ लागली होती, आणि महाराष्ट्र केसरीसारख्या स्पर्धेत माती व गादी असे दोन वेगळे विभाग झाले होते. २००० सालचा अर्जुन पुरस्कार खाशाबांना मरणोत्तर देण्यात आला. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल सामने भरले, तेव्हा कुस्तीसाठी बांधलेल्या क्रीडागृहास त्यांचे नाव दिले गेले. आज तेथे देशभरातून मल्ल येतात. त्यांतील बहुतेकांचे पहिले डाव गावच्या मातीतच झालेले असतात. क्रीडागृहाच्या दारावरील नाव वाचून ते आत जातात, बुटांचे बंद आवळतात आणि गादीवर चढतात.